रुब्रिक लावून स्वाध्याय तपासताना: तक्ता बनवण्यापासून वही परत देईपर्यंत, क्रमाने

रुब्रिक म्हणजे डावीकडे निकष, वर पातळ्या आणि प्रत्येक चौकोनात त्या पातळीचे काम कसे दिसते याचे वर्णन. एवढे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. प्रशिक्षणात तक्ते भरूनही होतात. तरी गुण चुकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असते: तक्ता वह्या गोळा झाल्यावर बनतो. मनात गुण आधी ठरलेले असतात आणि तक्ता त्यांना आधार द्यायला मागून येतो.

माझ्याकडूनही हे झाले आहे. सातवीच्या मराठीला ‘परिसरातील एका कारागिराची मुलाखत घ्या व लिहा’ असा २० गुणांचा प्रकल्प दिला होता. घाईत पाच निकष घेतले: मुखपृष्ठ, अक्षर, सजावट, माहिती, वेळेत सादरीकरण. प्रत्येकाला ४ गुण. एका मुलीने सुंदर मुखपृष्ठ काढले होते, चमकीच्या पेनने कडा रंगवल्या होत्या, अक्षर मोत्यासारखे होते. आतला मजकूर मात्र कुठल्याशा मार्गदर्शकातून जसाच्या तसा उतरवलेला. तिला ४, ४, ४, १, ४ असे १७ गुण मिळाले. दुसरा मुलगा खरोखर कुंभाराच्या अंगणात दोन संध्याकाळी बसून आला होता. माती कशी चाळतात, आवा (मडकी भाजायची भट्टी) कसा रचतात, पावसात काम का थांबते, सगळे त्याने लिहिले होते. कागद चुरगळलेला, अक्षर वाकडे, वही एक दिवस उशिरा. त्याला १, २, १, ४, ३ असे ११ पडले. बेरजेत चूक नव्हती, तक्त्यातच होती. मराठीच्या प्रकल्पात २० पैकी १६ गुण मराठीशी संबंध नसलेल्या गोष्टींना गेले होते.

तोच प्रकल्प आता कोणत्या क्रमाने करतो ते पुढे लिहितो. उदाहरण मुलाखतीचे आहे, पण विज्ञानाचा प्रकल्प, भूगोलाची क्षेत्रभेट, निबंध, तोंडी सादरीकरण यांनाही हाच क्रम चालतो. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे त्याला रुब्रिक लावू नका, तिथे उत्तरसूची पुरते.

१. स्वाध्यायाचा हेतू एका वाक्यात लिहा

तक्ता आखण्याआधी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: हे काम केल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे? माझे वाक्य असे होते: ‘समोरच्या माणसाला नेमके प्रश्न विचारून मिळालेली माहिती विद्यार्थी क्रमाने, स्पष्ट भाषेत लिहितो.’

वाक्यात क्रियापदे असू द्या: विचारतो, निवडतो, लिहितो. ‘कारागिरांबद्दल आदर निर्माण होतो’ हा हेतू चांगला आहे, पण तो वहीवरून तपासता येत नाही. असे हेतू मनात जरूर ठेवा, त्यांना गुण देऊ नका.

तपासा: वाक्य वाचून सहशिक्षकाला विचारा, ‘यात मी काय बघणार?’ त्यांनी ‘पोरांचं अक्षर आणि चित्रं’ असे सांगितले, तर वाक्य पुन्हा लिहा.

२. निकष वेचा: तीन ते पाच

निकष हेतूच्या वाक्यातूनच काढायचे. माझ्या वाक्यात चार आहेत: प्रश्नांची तयारी, माहितीचा नेमकेपणा, मांडणीचा क्रम, भाषा व लेखननियम. सात-आठ निकष घेतले की दहाव्या वहीपासून शिक्षक वाचणे सोडून नुसत्या खुणा करू लागतो. दोनच घेतले तर मूल कुठे अडले ते कळत नाही.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, सजावट आणि मुखपृष्ठ. चित्रकलेचा तास नसेल तर काढून टाका. यावर मी ठाम आहे, कारण सजावटीचे गुण बहुतेक घरच्या माणसांचे आणि घरच्या पैशांचे असतात. रंगीत कार्डशीट आणून देणारे पालक ज्याला आहेत, त्याला मराठीत जास्त गुण का पडावेत?

दुसरी, ‘वेळेत सादरीकरण’. उशिरा वही देणे ही सवयीची बाब आहे. ती वेगळी नोंदवा, मुलाशी बोला, गरज पडली तर घरी कळवा. पण मुलाखत कशी लिहिली याच्या गुणांतून उशिराचे गुण वजा झाले की ११ या आकड्याचा अर्थच कळेनासा होतो.

तिसरी चूक लवकर लक्षात येत नाही: एकाच दोषाची दोनदा कपात. शुद्धलेखनाच्या चुका ‘भाषा’ या निकषात मोजल्या, पुन्हा ‘मांडणी’त ‘लेखन नीटनेटके नाही’ म्हणून गुण कापले, आणि ‘एकूण परिणाम’ नावाचा निकष असेल तर तिथेही कापले. एका कमजोरीला मूल तीनदा शिक्षा भोगते.

तपासा: एखादा नेहमीचा दोष मनात धरा, उदाहरणार्थ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. मग प्रत्येक निकषाशी जाऊन विचारा, ‘याचे गुण इथे कापले जातील का?’ उत्तर एकाच ठिकाणी ‘हो’ आले पाहिजे.

३. पातळ्या ठरवा

चार घ्या. तीन किंवा पाच घेतल्या की मधला रकाना तयार होतो आणि दमलेला हात तिथेच जातो. चार असल्या की निर्णय घ्यावा लागतो: काम अपेक्षेच्या वर आहे की खाली?

पातळ्यांना ‘हुशार’, ‘सामान्य’, ‘ढ’ अशी नावे देऊ नका. लिहिण्याचे धाडस कोणी करत नसले तरी बोलताना ती सहज निघतात. आकडे पुरेत, किंवा ‘अपेक्षेपुढे, अपेक्षेइतके, अपेक्षेच्या वाटेवर, सुरुवात’ अशी कामाची नावे द्या. तक्ता कामाचा आहे, मुलाचा नाही.

४. वर्णने लिहा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

बहुतेक तक्ते इथेच कोसळतात. चौकोनांत असे भरलेले असते: ‘माहिती अतिशय चांगली’, ‘माहिती चांगली’, ‘माहिती समाधानकारक’, ‘माहिती असमाधानकारक’. हे वर्णन नव्हे, एकाच शेऱ्याचे चार आवाज आहेत. ‘चांगली’ आणि ‘अतिशय चांगली’ यांतला फरक तुमच्या मनात एक, शेजारच्या वर्गावरच्या मॅडमच्या मनात दुसरा आणि मुलाच्या मनात कोणताच नाही.

नियम एकच: चौकोनात जे लिहाल ते वहीवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पातळी ४ पासून सुरुवात केली की आपण आदर्श रंगवत बसतो आणि खालचे चौकोन त्यातून शब्द कापत तयार होतात. म्हणून आधी पातळी ३ लिहा: सातवीच्या, नेमाने काम करणाऱ्या मुलाकडून जे अपेक्षित आहे ते. मग पातळी २: त्यात काय कमी राहते? मग १. पातळी ४ शेवटी.

‘माहितीचा नेमकेपणा’ या निकषाचे माझे चार चौकोन असे आहेत.

पातळी ३: कारागिराच्या कामाची निदान एक कृती क्रमाने सांगितली आहे. अवजार, माप, वेळ किंवा खर्च यांचे तपशील आहेत.

पातळी २: कामाची माहिती आहे, पण ती कोणत्याही कुंभाराला लागू पडेल अशी. याच कारागिराचा म्हणावा असा एखादाच तपशील आहे.

पातळी १: मुलाखत झाली हे लेखनातून दिसत नाही. पुस्तकातली किंवा इंटरनेटवरची सर्वसाधारण माहिती आहे.

पातळी ४: पातळी ३ मधील सर्व आहे, आणि कारागिराचे म्हणणे त्याच्याच शब्दांत निदान एका ठिकाणी आले आहे.

हे लावून बघू. एका वहीत वाक्य होते: ‘कुंभार मातीपासून मडकी बनवतो. त्याला खूप कष्ट करावे लागतात.’ ते कोणत्याही कुंभाराला लागू पडते, म्हणजे पातळी २ किंवा १. बाकीची वही बघून ठरवायचे. दुसऱ्या वहीत होते: ‘काका माती आधी चाळतात, मग भिजत घालतात, मग पायाने तुडवतात. पणत्यांचे काम दिवाळीच्या दीड महिना आधी सुरू होते.’ ही पातळी ३. तिसऱ्या वहीत त्यापुढे असे होते: ‘काका म्हणाले, आवा पेटवला की त्या रात्री मी घरात झोपत नाही, अंगणातच बाज टाकतो.’ ही पातळी ४, आणि ती का, हे मुलाला वाक्यावर बोट ठेवून सांगता येते.

सावधान: मोजणीच्या मोहात पडू नका. ‘किमान दहा प्रश्न = ४, सात प्रश्न = ३, पाच प्रश्न = २’ असे लिहिणे सोपे असते. मुले मग दहा प्रश्न भरतात: तुमचे नाव काय, गाव कोणते, घरी किती माणसे. मोजणी हवी तिथे जरूर करा, पण मोजायची वस्तू अर्थाची असू द्या. प्रश्नांच्या निकषात मी पातळी ३ साठी असे लिहिले आहे: ‘बहुतेक प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. निदान एक प्रश्न आधीच्या उत्तरावरून सुचलेला आहे.’ हे तपासता यावे म्हणून प्रश्नांची कच्ची यादी आणि मुलाखतीत खरडलेल्या नोंदी वहीला जोडायला सांगतो. चुरगळलेला, खाडाखोड केलेला तो कागद माझ्या दृष्टीने मुखपृष्ठापेक्षा मोलाचा आहे. प्रकल्प घरी कोणी करून दिला का, हेही त्यावरून कळते.

भाषेच्या निकषात आणखी एक काळजी घ्या. कारागीर अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलला आणि मुलाने त्याचे शब्द तसेच अवतरणात लिहिले, तर ती चूक नव्हे. वर त्याच गोष्टीला आपण ‘माहितीचा नेमकेपणा’मध्ये पातळी ४ देतो आहोत. हे चौकोनात स्पष्ट लिहा: ‘कारागिराच्या तोंडची बोली चूक म्हणून धरलेली नाही. लेखननियम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्यांना लागू.’ हे लिहिले नाही तर लाल पेन सवयीने ‘मले’, ‘माका’ याखाली रेघ मारते. मूल पुढच्या वेळी आजीचे बोलणेही पुस्तकी करून लिहिते.

एका चौकोनात दोन अटी असल्या की पेच येतो: क्रम आहे, पण तपशील नाहीत. काय द्यायचे? नियम तक्त्याच्या तळाशी आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा आहे: चौकोनातल्या सर्व अटी पूर्ण असतील तरच ती पातळी, नाहीतर खालची. अर्धा गुण नाही. एकाच चौकोनावर दर तिसऱ्या वहीला पेच येत असेल तर तिथे दोन निकष एकत्र कोंबले गेले आहेत. ते वेगळे करा.

५. भार ठरवा, आणि श्रेणी कुठे पडते ते बघा

सगळ्या निकषांना सारखे गुण द्यायलाच हवेत असे नाही. माझ्या तक्त्यात माहितीच्या नेमकेपणाला दुप्पट भार आहे: पातळी गुणिले २, म्हणजे ८. बाकी तिघांना ४-४. एकूण २०.

आता हा हिशोब न विसरता करा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणी आपल्याला पाठ असतात: ९१ ते १०० टक्के अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली इ-२. सगळीकडे पातळी ३ मिळवणाऱ्या मुलाला २० पैकी १५, म्हणजे ७५ टक्के, म्हणजे ब-१. सगळीकडे पातळी २ असेल तर १० गुण, ५० टक्के, क-२. सगळीकडे १ असेल तर ५ गुण, २५ टक्के, इ-१.

थांबा आणि स्वतःला विचारा: ‘सातवीकडून अपेक्षित होते ते सगळे केले’ अशा मुलाला ब-१ द्यायची आहे ना? माझे उत्तर ‘हो’ आहे, कारण अपेक्षेपुढे जाण्याला जागा उरते. तुमचे उत्तर ‘नाही, अ-२ हवी’ असे असेल, तर पातळ्यांचे गुण आताच बदला. वह्या तपासून झाल्यावर ‘निकाल कमी लागतोय’ म्हणून सरसकट दोन-दोन गुण वाढवणे, हा तक्ता नसण्यापेक्षाही वाईट प्रकार आहे.

शून्याचेही आताच ठरवा. काम दिलेच नाही तर शून्य की कोरे? मी कोरे ठेवतो आणि काम पूर्ण करून घेतो. काम केले पण जमले नाही, त्याला निदान पातळी १ मिळते.

६. तीन-चार वह्यांवर तक्ता चालवून बघा

मागच्या वर्षीच्या तीन-चार वह्या घ्या: एक उत्तम, एक कच्ची, दोन मधल्या. नसतील तर स्वतः दोन नमुने लिहा, एक पानभर पुरते. तक्ता लावा आणि दोन प्रश्न विचारा.

पहिला, प्रत्येक चौकोन वापरता आला का? एखादी पातळी कोणत्याच वहीला लागत नसेल तर वर्णन फार वर किंवा फार खाली गेले आहे.

दुसरा, गुणांचा क्रम पटतो का? उत्तम वाटलेली वही खाली गेली, तर दोन शक्यता आहेत. एक तर तक्ता चुकला, नाहीतर ती वही तुम्हाला अक्षरामुळे उत्तम वाटत होती. कोणते खरे, ते वही पुन्हा वाचून ठरवा. माझ्या बाबतीत दुसरे कारण अनेकदा निघाले आहे.

दोन तुकड्यांना दोन शिक्षक असतील तर ही पायरी एकत्र करा. त्याच तीन वह्यांच्या झेरॉक्स काढा, वेगवेगळे बसून गुण द्या, मग ताडून बघा. आमच्याकडे एका वहीला एका निकषात एकाने ४ आणि दुसऱ्याने २ दिले होते. वाद अर्धा तास चालला. मुद्दा ‘क्रमाने’ या शब्दाचा होता: एकाच्या मते कामाचा क्रम, दुसऱ्याच्या मते प्रश्नोत्तरांचा क्रम. चौकोनात ‘कामाच्या’ एवढा एक शब्द घातला आणि पुढे त्या निकषावर मतभेद राहिला नाही. बोलताना गुणांची घासाघीस करू नका, ‘चल, ३ लिहू’ असे म्हणून सुटू नका. शब्द दुरुस्त करा, गुण आपोआप जुळतात.

७. तक्ता मुलांच्या हातात द्या, काम सुरू होण्याआधी

झेरॉक्सचा खर्च नको असेल तर फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्या. पण नुसता देऊन चालत नाही. एक पूर्ण तास ठेवा आणि मुलांकडूनच एक नमुना तपासून घ्या. नमुना वर्गातल्या मुलाचा नको, नाव नसलेला किंवा तुम्ही लिहिलेला घ्या.

मी वर दिलेली कुंभाराची तीन वाक्ये फळ्यावर लिहितो आणि विचारतो, ‘कोणती कुठल्या चौकोनात?’ सुरुवातीला ‘खूप कष्ट करावे लागतात’ हे वाक्य मुलांना छान वाटते, कारण ते निबंधातले वाक्य आहे. मग कोणीतरी म्हणते, ‘सर, पण हे तर शिंप्याला पण लागू पडतं.’ हे वर्गातून आले की पातळी २ काय ते पुन्हा सांगावे लागत नाही.

लहान वर्गांना तक्त्याची भाषा जड जाते. त्यांना प्रत्येक निकषाचे एकच वाक्य द्या: ‘मी काकांचे बोलणे त्यांच्या शब्दांत लिहिले आहे का?’ वही देण्याआधी ते स्वतः खूण करतील.

सावधान: तक्ता एकदा दिल्यावर काम सुरू असताना बदलू नका. चूक सापडली तर टिपून ठेवा. बदल मुलाच्या तोट्याचा असेल तर या वेळी तो लागू करू नका.

८. तपासणी: एका वेळी एक निकष

एक वही उचलायची, चारही निकष भरायचे, बेरीज करायची, पुढची वही. बहुतेक जण असेच करतात, आणि पहिल्या निकषाचा ठसा पुढच्या तिघांवर पडतो. प्रश्न सुरेख असले की माहितीही सुरेख वाटू लागते.

म्हणून असे करा:

१) सगळ्या वह्यांचा फक्त पहिला निकष तपासा. पातळी पेन्सिलीने कागदाच्या वेगळ्या पट्टीवर लिहा, वहीवर नको.

२) गठ्ठा फिरवा. पहिल्या वह्या मधे, शेवटच्या वर. सुरुवातीला आपण कडक असतो, शेवटी दमलेले असतो, आणि दर वेळी त्याचा फटका त्याच मुलांना बसतो. हजेरी क्रमांकाने तपासणाऱ्यांकडे क्रमांक १ ते ५ वर्षभर कडक नजरेखाली राहतात.

३) मग दुसरा निकष. आधीच्या निकषाची पातळी झाकून ठेवा.

४) बेरीज सगळ्यात शेवटी. मधेच केली की ‘याचे एवढे कमी कसे?’ म्हणून उरलेल्या निकषांत भर टाकावीशी वाटते.

५) प्रत्येक निकष संपल्यावर पहिल्या पाच वह्या पुन्हा बघा. पातळी बदलावीशी वाटली तर त्यांच्या नंतरच्याही काही बघा.

४० च्या पटाला हे लांबलचक वाटेल. पहिल्या वेळी वेळ लागतोच. पण एकच गोष्ट शोधत वाचताना डोळा पटकन सरावतो, आणि चार वेळा गठ्ठा हाताळूनही माझा वेळ फारसा वाढलेला नाही. एका बैठकीत दोनच निकष घ्या.

नाव झाकता आले तर झाका. अक्षर ओळखू येतेच, तरी वहीचे मुखपृष्ठ मागे दुमडून ठेवल्याने फरक पडतो.

ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याला निकष तोच ठेवा, मार्ग बदला. दिव्यांग किंवा अध्ययनात अडचण असलेल्या मुलाने मुलाखत तोंडी सांगितली किंवा रेकॉर्ड करून आणली, तर माहितीचा नेमकेपणा आणि मांडणीचा क्रम तितकाच तपासता येतो. लेखननियमांच्या निकषाऐवजी काय धरायचे ते त्याला आणि पालकांना आधी सांगा.

गटात केलेला प्रकल्प असेल तर निदान एक निकष वैयक्तिक ठेवा, जसे प्रत्येकाने लिहिलेल्या स्वतःच्या नोंदी. नाहीतर एक जण राबतो आणि पाच जणांना सारखे गुण पडतात.

९. वही परत देताना

आकडा आणि खूण केलेला तक्ता दोन्ही द्या. शक्य असेल तर तक्ता आज आणि बेरीज उद्या. आकडा दिसला की मूल बाकी काही वाचत नाही, थेट शेजाऱ्याच्या वहीत डोकावते.

शेरा एकच आणि पुढच्या चौकोनाकडे नेणारा लिहा. ‘छान’, ‘प्रयत्न कर’, ‘अधिक मेहनत घ्यावी’ यातून मुलाला पुढे काय करायचे ते कळत नाही. ‘आव्याचा क्रम नीट लिहिलास. आता काकांचे एक वाक्य त्यांच्याच शब्दांत घाल’ यातून कळते. मग एक परिच्छेद पुन्हा लिहू द्या आणि पातळी सुधारली तर गुणही सुधारा. सगळ्या वहीचे पुनर्लेखन नको, ती शिक्षाच होते.

पालकसभेत तक्ता समोर ठेवा. ‘आमच्या मुलाला दोन गुण का कमी?’ या प्रश्नावर तुम्ही आणि पालक एकाच चौकोनाकडे बघत बोलता. तपासताना चूक झालेली दिसली तर तिथेच मान्य करून गुण दुरुस्त करा.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीही इथूनच येतात. ‘अभ्यासात प्रगती आहे’ हे ४० मुलांना उतरवण्याऐवजी चौकोनातले वाक्य उचला: ‘ऐकलेली माहिती क्रमाने लिहिते. प्रश्न अजून एका शब्दात उत्तर देता येईल असे विचारते.’ आकारिक नोंदवही (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदींची वही) भरायला वेगळी रात्र जागावी लागत नाही.

१०. तक्ता फाइलला लावण्याआधी

त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, लाल पेनने तक्त्यावरच लिहा: कोणत्या चौकोनात अडखळलो, कोणता शब्द दोन प्रकारे वाचला गेला, कोणत्या निकषात सगळ्यांना ३ पडले. सगळ्यांना ३ पडले म्हणजे तो निकष वर्गाला जमला, किंवा वर्णन इतके ढिले होते की काहीही आत आले. तीन वह्या उघडून बघितल्या की कळते.

शेजारी प्रत्येक पातळीची एक-एक वाक्य-नक्कल, मुलाचे नाव न लिहिता, चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी सहावी पायरी करताना नमुने शोधावे लागणार नाहीत. माझ्या फाइलमध्ये ‘अंगणातच बाज टाकतो’ ही ओळ अजून पातळी ४ च्या रकान्यात लावलेली आहे.